साखर धंद्यात खरी कोंडी कुठे?

शेजारचा कारखाना ऊस पळवतो म्हणून आपला तोट्यात, असं साखर धंद्यात म्हटलं जातं; मला ते अर्धंच पटतं. पळवापळवी आहेच. पण महाराष्ट्रात नवा कारखाना काढायला जुन्यापासून २५ किलोमीटर हवाई अंतराची अट आहे, त्यामुळे नव्या स्पर्धकाची वाट आधीच अरुंद. कोंडी आहे ती दरांत. २०२४-२५ च्या हंगामात १०.२५ टक्के उताऱ्याला (उसातून निघणाऱ्या साखरेचं प्रमाण) एफआरपी, म्हणजे कारखान्याने शेतकऱ्याला द्यायचा उसाचा किमान दर, क्विंटलमागे ३४० रुपये होती. साखरेचा किमान विक्री दर मात्र तेव्हाही २०१९ चाच, किलोला ३१ रुपये होता (बाजारात जास्त मिळतो, मान्य). दोन्ही आकडे दिल्लीत ठरतात. व्यवस्थापनतज्ज्ञ मायकेल पोर्टरच्या मांडणीत धंद्यातली स्पर्धा पाच बलांनी ठरते: चालू स्पर्धक, नवे स्पर्धक, पुरवठादार, ग्राहक आणि पर्यायी माल. सरकारला तो सहावं बल मानत नाही, पाचही बलांना हलवणारा घटक मानतो. आपल्याकडे विश्लेषण तिथूनच सुरू करावं. डिसेंबर २०२३ मध्ये उसाच्या रसापासूनच्या इथेनॉलवर केंद्राच्या एका आदेशाने निर्बंध आले, तेव्हा कर्ज काढून डिस्टिलरी उभारलेल्यांना शेजारच्या कारखान्याने अडवलं नव्हतं.