मदत हवी आहे: ओव्हरडोसवरील नॅलोक्झोन वस्तीत ठेवण्यासाठी निधी कोणत्या लेखाशीर्षाखाली मागावा?

नमस्कार. सोलापुरात व्यसनाधीन व्यक्ती आणि त्यांच्या कुटुंबीयांसोबत काम करणाऱ्या आमच्या लहानशा संस्थेला महापालिकेकडे किंवा जिल्हा नियोजन समितीकडे एक प्रस्ताव द्यायचा आहे. नॅलोक्झोनचे (अफूवर्गीय नशेच्या ओव्हरडोसवर उतारा असलेल्या औषधाचे) इंजेक्शन आमचे कार्यकर्ते, काही आशाताई आणि ज्या घरात धोका आहे ती घरे यांच्याकडे आधीच ठेवलेले असावे, एवढीच त्यात मागणी आहे. असे प्रस्ताव मंजूर करून घेतलेल्यांचे किंवा लेखा विभागात काम केलेल्यांचे मार्गदर्शन मिळाल्यास फार मदत होईल.

हेरॉईन, मॉर्फिन, कोडीन, ट्रॅमाडॉल अशा अफूवर्गीय पदार्थांचा ओव्हरडोस झाला की श्वास मंदावतो आणि शेवटी थांबतो. त्यानंतर मेंदूला इजा होण्यास चार-सहा मिनिटे पुरतात, त्यामुळे १०८ची गाडी वेळेत निघाली तरी पुष्कळदा उशीरच झालेला असतो. नॅलोक्झोन दंडाच्या किंवा मांडीच्या स्नायूत दिल्यास काही मिनिटांत श्वास परत येऊ लागतो. मात्र त्याचा परिणाम साधारण अर्धा ते दीड तासच टिकतो आणि मूळ पदार्थाचा अंमल त्यापुढेही राहू शकतो, म्हणून रुग्णाला सिव्हिलला न्यावेच लागते. या औषधाने नशा येत नाही आणि अंगात अफूवर्गीय पदार्थ नसेल तर त्याने अपायही होत नाही. ओव्हरडोस ज्यांच्या डोळ्यांसमोर घडण्याची शक्यता आहे, त्यांच्या हाती हे औषध असावे, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०१४मध्येच केली आहे.

प्राथमिक चर्चेत एक आक्षेप असा आला की, सोलापुरात प्रश्न एमडीचा (मेफेड्रोन या उत्तेजक नशेचा) आणि भेसळीच्या ताडीचा आहे, त्यावर हे औषध चालत नाही. हे खरेच आहे, आणि म्हणूनच प्रस्ताव आम्ही सुईने नशा करणारे, वेदनाशामक गोळ्या व कोडीनयुक्त कफ सिरप यांच्या आहारी गेलेले आणि विशेषतः उपचार केंद्रातून किंवा तुरुंगातून नुकतेच बाहेर आलेले, यांच्यापुरता ठेवला आहे. मध्यंतरी नशा सुटलेली असल्याने शरीराची सहनशक्ती उतरते आणि पूर्वीचाच डोस जिवावर बेततो. 'वाचवून तरी काय, पुन्हा तेच करणार' हा दुसरा आक्षेप मी येथे चर्चेला घेत नाही.

खरी अडचण पैशाच्या रकमेची नसून हिशेबाची आहे. नॅलोक्झोन राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे, त्यामुळे रुग्णालयासाठी त्याच्या खरेदीला कोणी हरकत घेत नाही. पण ज्याचा केसपेपर निघालेला नाही, अशा व्यक्तीसाठी औषध आगाऊ बाहेर दिले, तर साठा नोंदवहीत ते कोणाच्या नावे खर्ची घालायचे? शिवाय ते शेड्यूल एचमधील औषध असल्याने डॉक्टरांची चिठ्ठी लागते, आणि वापराच्या वेळी समोर डॉक्टर नसतो. मणिपूर व नागालँडमध्ये सुईने नशा करणाऱ्यांसाठीच्या प्रकल्पांत सहकारी कार्यकर्त्यांमार्फत हे औषध वापरले गेले आहे, तेव्हा तेथे या नोंदी कशा ठेवल्या जातात हे कोणी सांगू शकेल काय?

निधीचे जे मार्ग दिसतात त्यांतील प्रत्येकात काहीतरी अडते. नाकोचे (राष्ट्रीय एड्स नियंत्रण संस्थेचे) प्रकल्प सुई वापरणाऱ्यांसाठी आहेत, गोळ्या घेणारे त्यात बसत नाहीत. नशामुक्त भारत अभियानाचा भर जनजागृतीवर आहे. कंपन्यांचा सीएसआर (सामाजिक दायित्व) निधी मिळू शकेल, परंतु तो पुढच्या वर्षी मिळेलच याची शाश्वती नसते, आणि मुदत संपलेले अँप्यूल (इंजेक्शनच्या औषधाच्या काचेच्या कुप्या) दरवर्षी बदलावे लागणार असल्याने मला स्वतःला सार्वजनिक अंदाजपत्रकातील कायम तरतूदच योग्य वाटते. अमेरिकेत ओपिऑइड औषध कंपन्या व वितरकांशी झालेल्या तडजोडींचे अब्जावधी डॉलर राज्यांना आणि काउंटींना मिळत आहेत, त्यातून नॅलोक्झोन वाटले जाते. आपल्याकडे असा आयता पैसा नाही. राहता राहिले महापालिकेचे औषध खरेदीचे शीर्ष आणि जिल्हा नियोजन समितीची नावीन्यपूर्ण योजना. यांपैकी कोणते शीर्ष लेखापरीक्षणात टिकेल?

साठवणुकीचा खर्चही प्रस्तावात दाखवावा लागेल असे दिसते. औषधाला फ्रिज लागत नाही, पण ऊन आणि उजेड चालत नाही, आणि एप्रिल-मे महिन्यांत पत्र्याच्या खोलीत काचेचे अँप्यूल ठेवणे म्हणजे ते वाया घालवणे. त्याशिवाय अँप्यूलची मान मोडून सिरिंजमध्ये औषध ओढायचे असते. घाबरलेल्या आईला हे सरावाशिवाय जमणार नाही, म्हणून प्रशिक्षणाचा खर्चही त्याच प्रस्तावात धरावा की आरोग्य शिक्षणाच्या वेगळ्या शीर्षाखाली मागावा?

शेवटचा प्रश्न कायद्याचा. पोलीस केस होईल या भीतीने सोबतचे मित्र रुग्णाला कॅज्युअल्टीच्या दारात सोडून निघून जातात. एनडीपीएस (अमली पदार्थविरोधी) कायद्याच्या कलम ६४अ मधील संरक्षण स्वेच्छेने उपचार घेणाऱ्या व्यसनाधीन व्यक्तीपुरते आहे. इंजेक्शन देणारा कार्यकर्ता किंवा नातेवाईक अडचणीत येऊ नये, यासाठी जिल्हाधिकारी किंवा आरोग्य अधिकारी यांच्याकडून कोणत्या स्वरूपाचे लेखी पत्र घ्यावे? कोणाकडे अशा पत्राचा, तांत्रिक मान्यतेच्या टिपणीचा किंवा मंजूर प्रस्तावाचा मसुदा असल्यास, नावे खोडून येथे दिला तरी चालेल.