खडकीच्या जखमी जवानांना मासेमारीला न्यायचंय, काय काय काळजी घ्यावी?

मुठाकाठचा_गळवाला:

नमस्कार मंडळी. आमचा पुण्यातला हौशी अँगलिंगचा छोटा ग्रुप आहे, रविवारी रॉड घेऊन पवना नाहीतर मुळशीकडे जाणारी पाचसहा टाळकी. ग्रुपमधल्या एकाचे वडील आर्मीतून रिटायर झालेत, त्यांच्यासोबत मागे खडकीच्या पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटरला जाणं झालं. १९७४ पासून आहे ते, मी जन्माचा पुणेकर आणि रेंजहिल्सवरून शेकडो वेळा गेलोय पण आत काय आहे ते कधी बघितलंच नव्हतं. मणक्याला गोळी लागलेले, दरीत गाडी पडून जखमी झालेले, काही जण तर विशी-पंचविशीतले. तिथे एका हवालदार साहेबांशी बोलताना मासेमारीचा विषय निघाला, ते आसामचे, लहानपणी घरामागच्या पोखरीत, म्हणजे तळ्यात, गळ टाकायचे, आणि त्या विषयावर जे सुरू झाले ते तासभर थांबलेच नाहीत.

तेव्हापासून डोक्यात आहे की त्यांना आणि अजून तीनचार जणांना एक दिवस फिशिंगला न्यायचं. खर्च सगळा आम्ही वर्गणी काढून करू, पैशाचा प्रश्न नाही. पण व्हीलचेअर, पाण्याचा काठ, ऊन, औषधं यातलं आम्हाला शून्य कळतं, आणि पाण्याजवळ न्यायची खरं सांगतो भीतीही वाटते. जागा कुठली निवडावी, परवानगी कोणाची लागते, आणि कोणी असं आधी केलंय का? प्लीज अनुभवी लोकांनी सविस्तर लिहा.

सुभेदार_निवृत्त:

विचार चांगला आहे, नक्की करा. पहिली गोष्ट, थेट त्या हवालदार साहेबांना फोन करून तारीख ठरवू नका. सेंटरच्या ऑफिसला लेखी अर्ज द्या: कोण कोण येणार, गाडी कुठली, जागा कुठली, किती वाजता परत आणणार. मेडिकल ऑफिसर ज्याला फिट म्हणतील तोच येईल, त्यावर हट्ट करायचा नाही. त्यांचा नर्सिंग असिस्टंट सोबत मागा, मिळाला नाही तर तारीख पुढे ढकला पण त्याच्याशिवाय नेऊ नका.

दुसरं, बॅनर नको, हारतुरे नकोत, "आमच्या वीरांसोबत एक दिवस" असले फोटो फेसबुकवर नकोत. फोटो काढायचा तर आधी विचारा, आणि काहींची युनिट, पोस्टिंग वगैरे माहिती बाहेर जाऊ देऊ नका. कसं लागलं, कुठे लागलं हे आपणहून विचारायचं नाही, त्यांना सांगावंसं वाटलं तर सांगतील. हाक मारताना काका-दादा न म्हणता हवालदार साहेब, नायक साहेब असं रँकने म्हणा, त्याने माणूस ताठ बसतो हे मी स्वतः बघितलंय. चेअरला त्यांना न विचारता हात लावू नका, ढकलायला तर अजिबात नाही.

आणि पाण्याची भीती तुम्हाला आहे, त्यांना नाही हे लक्षात घ्या. आपले मुरलीकांत पेटकर, लष्कराच्या ईएमई या इंजिनिअर विभागातले, १९६५ च्या युद्धात मणक्यात गोळी, कमरेखाली ताकद गेली, आणि १९७२ ला हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइलला गोल्ड, भारताचं पॅरालिम्पिकमधलं पहिलं. पोहूनच आणलं ना ते. तेव्हा काळजी जरूर घ्या पण बिचारे म्हणून वागवू नका.

जागेचं म्हणाल तर खडकवासल्याचा मोह सोडा, बराचसा काठ एनडीएच्या हद्दीत आहे. त्यापेक्षा नदीपलीकडे दापोडीला सीएमईत, म्हणजे लष्कराच्या इंजिनिअरिंग कॉलेजात, रोइंगचा (बोट वल्हवायचा) कालवा आहे, काठ बांधलेला, खडकीहून अगदी जवळ. तुम्ही सिव्हिलियन म्हणून विचारून काही होणार नाही, पण सेंटरनेच त्यांच्या लष्करी मार्गाने विचारलं तर निदान उत्तर तरी येईल. मिळेलच असं नाही.

फिजिओ_ताई:

मी मणक्याच्या पेशंट्ससोबत काम करते म्हणून जरा मोठं लिहितेय, प्लीज पूर्ण वाचा.

सगळ्यात महत्त्वाचं आधी. ज्यांची इजा छातीच्या सहाव्या मणक्याच्या पातळीला किंवा त्याच्या वर आहे त्यांचं बीपी अचानक भयंकर वाढू शकतं. एकदम डोकं ठणकायला लागतं, चेहरा लाल होतो, मानेवर कपाळावर घाम फुटतो. बहुतेक वेळा कारण साधं असतं, कॅथेटरची नळी मुडपली आणि लघवी तुंबली. अशा वेळी माणसाला आडवं करायचं नाही, आपण सवयीने तेच करतो, तर ताठ बसवायचं, पट्टा-बूट सैल करायचे, नळी बघायची, आणि लगेच उतार पडला नाही तर थेट हॉस्पिटल. म्हणून जागा अशी निवडा की हॉस्पिटल अर्ध्या तासात गाठता येईल आणि मोबाईलला रेंज असेल. मुळशीच्या आतल्या बॅकवॉटरला नको म्हणतेय ते यासाठी.

दुसरं म्हणजे ऊन. इजेच्या खालच्या भागाला घामच येत नाही त्यामुळे शरीर थंड होत नाही, आपल्याला नुसतं गरम वाटतं तेव्हा त्यांना उष्माघात होऊ शकतो. सावली, पाण्याची स्प्रे बाटली, ओले टॉवेल. एप्रिल-मे विसरा, नोव्हेंबर ते फेब्रुवारी बघा. आणि तुम्ही मासेवाले पहाटे पाचला निघता ना, तसं चालणार नाही! सकाळचं पोट साफ करणं, कॅथेटर, आंघोळ, कपडे यात कितीतरी जणांचे दीड-दोन तास जातात, घाई केली तर दिवसभर त्रास. दुपारी तीन ते सहा ठेवा.

पायाला संवेदना नसते, म्हणजे गळ रुतला, तापलेल्या लोखंडाला पाय टेकला, मुंग्या चावल्या, काही कळत नाही. बूट-मोजे पूर्ण वेळ, आणि परतताना पाय, मांड्या डोळ्यांनी तपासायला सांगा. चेअरवरची त्यांची स्वतःची गादी काढू नका, आणि दर पंधरा-वीस मिनिटांनी पुढे झुकून किंवा हातावर उचलून जागेवरचा दाब हलका करायचा असतो, मासा लागल्याच्या नादात ते विसरतात तेव्हा तुम्ही आठवण करा. बेडसोर (एका जागी दाब पडून होणारी जखम) झाला की महिनोनमहिने पडून राहावं लागतं हो, एका मजेच्या दुपारची एवढी किंमत नको.

लाइफ जॅकेट सगळ्यांना, तुम्हालासुद्धा. आणि पाण्याच्या काठाला चेअरचा पट्टा माणसाला बांधून ठेवायचा नाही, चेअर कलंडली तर तो तिच्यासकट खाली जाईल. ब्रेक लावाच, शिवाय पुढच्या चाकांच्या पुढे जाड लाकडी फळी आडवी ठोकून घ्या.

न्यू_जर्सीकर:

फिजिओ ताईंचा प्रतिसाद प्रिंट काढून सोबत ठेवण्यासारखा आहे. मी इथे अमेरिकेत प्रोजेक्ट हीलिंग वॉटर्सच्या लोकांसोबत वीकेंडला मदतीला जातो. २००५ साली वॉशिंग्टनच्या वॉल्टर रीड आर्मी हॉस्पिटलात सुरू झालं हे, एड निकोल्सन म्हणून निवृत्त नेव्ही कॅप्टन स्वतः तिथे उपचार घेत होते, आजूबाजूला इराक-अफगाणिस्तानातून हातपाय गमावून आलेली पोरं बघितली आणि त्यांना फ्लाय फिशिंगला न्यायचं ठरवलं. आता देशभर चालतं, जवानांना सगळं फुकट.

पण मला तिथे जे सगळ्यात पटलं ते ट्रिपपेक्षा वेगळं आहे. ट्रिप वर्षातून थोड्याच होतात. बाकी वेळ आठवड्याला, पंधरवड्याला क्लास चालतात, पिसं आणि दोरा गळावर गुंडाळून माशाला फसवणाऱ्या माश्या बनवायच्या, रॉड स्वतः बांधायचा, हिरवळीवर कोरडी कास्टिंग, म्हणजे पाण्याशिवाय दोरी फेकायचा सराव. बोटांना काम मिळतं, मन एका जागी बसतं, आणि मुख्य म्हणजे पाण्यावर जाईपर्यंत तो माणूस पाहुणा राहिलेला नसतो, स्वतःची गाठ, स्वतःचा रॉड घेऊन येतो. तेव्हा माझा आग्रह आहे की तुम्ही आधी दोन-तीन महिने सेंटरवरच जा, गाठी, रील भरणं, कास्टिंग तिथल्या मैदानावर करा. ट्रिप नंतर. आणि ट्रिप झाल्यावर जाणं थांबवू नका! एकदा नेऊन आणून गायब होणारे लोक त्यांनी खूप बघितले असतील.

सामान, एका हाताने रॉड धरणाऱ्यासाठी छातीला बांधायचा रॉड होल्डर मिळतो. ज्यांच्या बोटांत पकड नाही त्यांच्यासाठी वेल्क्रोचा पट्टा असलेला ग्लव्ह, आणि चेअरच्या हाताला पीव्हीसी पाइपचा तुकडा क्लँपने आवळला की होल्डर तयार, पुण्यात कुठलाही प्लंबर करून देईल. बॅटरीवरचं रील असतं, बटण दाबलं की दोरी गुंडाळते, महाग आहे पण एक तरी घ्याच. मासा लागल्यावर रॉड आपण हिसकावून घ्यायचा नाही, सुटला तर सुटू दे.

तळेवाला_मावळ:

माझं स्वतःचं मत्स्यतळं आहे म्हणून लिहितो. धरणात मासेमारीचा ठेका बहुतेक ठिकाणी मच्छीमार सोसायटीकडे असतो, त्यांना विचारल्याशिवाय गळ टाकू नका, उगाच जवानांसमोर वाद नको. काठ चिखलाचा आणि पाणी रोज वरखाली होतं, चेअर रुततेच. त्यापेक्षा खाजगी तळं बघा. मात्र प्लास्टिक अंथरलेलं शेततळं चुकूनही नको, त्यात धडधाकट माणूस पडला तरी निसरड्या उतारावरून वर येता येत नाही, दरवर्षी पोरं जातात त्यात. मातीचा किंवा दगडी बांध, सपाट, चेअर फिरेल एवढा रुंद, आणि काठाला पाणी उथळ.

मासा म्हणाल तर चिलापी धरा. गांडूळ किंवा कणकेच्या गोळीवर लगेच लागते, पहिल्या दहा मिनिटात फ्लोट बुडतो, नवीन माणसाला हेच पाहिजे. कटला-रोहूसाठी शेंगपेंड लावून तासन् तास बसावं लागतं, ते दुसऱ्या वेळी. चिलापीच्या पाठीचे काटे टोचतात, मासा सोडवताना ओलं फडकं द्या. गळाचा उलटा काटा पक्कडने दाबून टाका, कोणाला लागला तर सहज निघतो.

मुठाकाठचा_गळवाला:

सगळ्यांचे मनापासून आभार, आमचं पूर्ण प्लॅनिंग बदललं. आधी अर्ज आणि सेंटरवर दर शनिवारी गाठी-कास्टिंग, ट्रिप नोव्हेंबरनंतर. पीव्हीसी होल्डर या आठवड्यात बनवतोय. तळेवाले दादा, तुमच्या तळ्याचा बांध किती रुंद आहे, आणि गाडी थेट बांधापर्यंत येते का? अजून एक, जेवणाचं काय करावं, पकडलेले मासे तिथेच भाजले तर?

सुभेदार_निवृत्त:

आधी विचारा. आसाम, बंगाल, केरळवाले खूष होतील पण हरियाणा-राजस्थानचे बरेच जण शाकाहारी असतात, त्यांच्यासाठी वेगळी चूल आणि वेगळी भांडी ठेवा. काहींना फक्त पकडून परत सोडायचे असतील. आणि दारू अजिबात नाही, तुमच्या ग्रुपची पण नाही.

तळेवाला_मावळ:

बांध साधारण दहा फूट, चेअर आरामात वळते. गाडी शंभर पावलं अलीकडे थांबते, मधे खडी आहे, ती मी मुरूम टाकून दाबून घेतो तोपर्यंत. पैसे घेणार नाही. टॉयलेट मात्र देशी पद्धतीचं आहे आणि दार अरुंद, त्याचं काय करायचं ते फिजिओ ताई तुम्हीच सांगा, तुम्ही सांगाल त्या मापाचं दार करून घेतो.

फिजिओ_ताई:

दार आतून मोकळं ३ फूट तरी हवं, उंबरा नको, आत चेअर पूर्ण वळेल अशी ५ बाय ५ फूट जागा, आणि भिंतीला पक्के धरायचे बार. कमोड चेअर सेंटरवरून सोबत आणता येईल का विचारते. व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय, फोटो पाठवा.