मदत हवी आहे: शाळेच्या विकिपीडिया पानावरच्या फालतू बातम्या कशा काढायच्या?

परळकर_भाऊ:
अर्जंट आहे. आमच्या शाळेच्या पानावर कोणीतरी 'वाद आणि घटना' म्हणून विभाग टाकलाय. मी काढला की तो परत टाकतो, मी परत काढतो, आणि आता मलाच इशारा आलाय की संपादन युद्ध थांबवा नाहीतर ब्लॉक करू. अरे सुरुवात त्याने केली ना! व्हरांड्यातलं प्लास्टर पडलं, कोणाला खरचटलंसुद्धा नाही, ती पण घटना? विश्वकोशात असलं असतं का? कुठला नियम दाखवला की समोरचा गप्प बसेल तेवढाच सांगा, भाषण नको. पुढच्या महिन्यात कार्यक्रम आहे.

चावडीवाला:
मराठी विकिपीडिया की इंग्रजी? विभागात अजून काय काय आहे? संदर्भ दिलेत का? कार्यक्रम कसला आणि त्याचा पानाशी काय संबंध?

बोरिवली_फास्ट:
पेपरात छापून आलंय ना, मग राहणार. लोकांना शाळेची खरी माहिती नको का मिळायला? ॲडमिशनच्या वेळेला आम्ही पालक हेच शोधतो.

परळकर_भाऊ:
इंग्रजी. संदर्भ आहेत पण मुंबई पुरवणीतले, कोपऱ्यातल्या बातम्या. प्लास्टर, बॉम्बचा तो खोटा मेल आणि ते फीचं. नियम सांगा प्लीज.

चावडीवाला:
नियम आहे, 'विकिपीडिया हे वर्तमानपत्र नव्हे'. बातमी खरी असणं आणि ती लेखात असणं ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत बोरिवली. संदर्भ असला म्हणजे घेता येतं, घ्यायलाच पाहिजे असं नाही. दुसरं म्हणजे वाजवी वजन, लेखात ज्या गोष्टीला जितकी जागा तितकं तिचं महत्त्व पाहिजे. आणि भाऊ, आधी हात थांबव. एकाच पानावर दुसऱ्याचे बदल २४ तासांत तीनच्या वर वेळा उलटवलेस की ब्लॉक, आणि तीनच्या आतही करू शकतात. सुरुवात कोणी केली ते तिथे कोणी विचारत नाही. लेखाला जोडलेलं चर्चा पान असतं, तिथे जा.

दादर_निवृत्त_बाई:
बाळा, बातम्या काढण्यापेक्षा चांगल्या गोष्टी घाल ना. २६ जुलै २००५ ला आमच्या शाळेत मुलं रात्रभर अडकली होती, खालचे वर्ग पाण्यात, सगळ्यांना दुसऱ्या मजल्यावर नेऊन दोन-दोन बाक जोडून झोपवलं, शिपाईमामा छातीभर पाण्यातून जाऊन समोरच्या वाण्याकडचे पार्ले-जीचे सगळे पुडे डोक्यावर घेऊन आले, वाण्याने पैसे सकाळी घेतले. हे विश्वकोशात यायला नको?

चावडीवाला:
बाई, सुंदर आठवण आहे, पण सांताक्रूझला त्या दिवशी ९४४ मिमी पाऊस पडला आणि मुंबईतल्या कितीतरी शाळांत हेच झालं. त्या पुराचा स्वतंत्र लेख आहे, तिथे बसतं. शाळेच्या लेखात नाही.

दादर_निवृत्त_बाई:
म्हणजे प्लास्टर चालतं आणि माणुसकी चालत नाही. छान आहे तुमचा विश्वकोश.

चावडीवाला:
प्लास्टर चालतं असं मी कुठे म्हटलं?

खडूस_ओपनर:
मग शारदाश्रमचं काय? फेब्रुवारी १९८८, आझाद मैदान, हॅरिस शील्ड ह्या शालेय क्रिकेट स्पर्धेची सेमीफायनल, सेंट झेवियर्सविरुद्ध ६६४ ची नाबाद भागीदारी, सचिन ३२६, कांबळी ३४९. ती पण एका मॅचची बातमीच होती. ती काढणार का? आचरेकर सर डिक्लेअर करा म्हणून निरोप पाठवत होते आणि हे दोघं तिकडे बघायलाच तयार नव्हते 😂

चावडीवाला:
हेच उदाहरण मला पाहिजे होतं. इतकी वर्षं झाली तरी लोक त्यावर लिहितायत, तुम्हीसुद्धा आत्ता लिहिलंत. बातमी जुनी झाल्यावर कोणी तिच्याबद्दल परत लिहिलं का, किंवा तिच्यामुळे शाळेत काही बदललं का, एवढं बघायचं. प्लास्टरवर दुसऱ्या दिवसानंतर एक ओळ तरी आली का कुठे? बॉम्बचे खोटे मेल तर मुंबईतल्या बऱ्याच शाळांना आले, त्यातून ह्या शाळेबद्दल काय कळलं? काहीच नाही.

मिश्टर_कोपरकर:
लोगो चढवायचा असेल तर कॉमन्सवर, म्हणजे विकिपीडियाच्या मुक्त चित्रांच्या साठ्यावर, टाकू नका, कॉपीराइट असेल तर डिलीट होतो. इंग्रजी विकिपीडियावर थेट चढवता येतो, उचित वापराचं कारण लिहावं लागतं.

परळकर_भाऊ:
लोगोचं कोणी विचारलं??

मिश्टर_कोपरकर:
पुढे लागेल.

गिरणगाव_४०००१२:
मुळात मराठी माध्यमाच्या शाळा बंद पडतायत त्यावर बोला. विकिपीडियाचं पान राहील आणि शाळेच्या जागी टॉवर येईल.

बोरिवली_फास्ट:
तुमची मुलं कुठल्या माध्यमात आहेत दादा?

गिरणगाव_४०००१२:
तो विषय वेगळा.

चावडीवाला:
मंडळी, दुसरा धागा काढा. परळकर, "ते फीचं" म्हणजे काय ते तू अजून सांगितलं नाहीस.

परळकर_भाऊ:
काही नाही, पालकांनी गेटवर बसून थोडा आरडाओरडा केला.

बोरिवली_फास्ट:
थोडा? शोधलं मी पान. पालक कोर्टात गेले होते आणि शाळेला वाढीव फी परत करायला लागली. तीन वर्षं बातम्या आहेत त्यावर, आणि हे साहेब प्लास्टरच्या आडून तेही उडवतायत.

चावडीवाला:
मग ते राहणार. २०११ च्या फी नियमन कायद्याखालचं प्रकरण, वर्षानुवर्षं बातम्या, वर कोर्टाचा आदेश, ही काही कोपऱ्यातली बातमी नाही. भाऊ, शाळेशी तुझं नातं काय?

परळकर_भाऊ:
माजी विद्यार्थी मंडळात आहे. स्मरणिकेत पानाचा क्यूआर कोड छापायचाय. त्याने काय फरक पडतो?

चावडीवाला:
पडतो. हा हितसंबंध झाला. तो चर्चा पानावर स्वतःहून सांग आणि लेखाला हात न लावता तिथे विनंती टाक, दुसरे लोक बदल करतील. समोरचा एकटाच असेल आणि दोघांचं जमत नसेल तर 'तिसरं मत' मागायची सोय आहे, त्रयस्थ सदस्य येऊन बघतो. मी पण बघितलं आता पान. इतिहास तीन ओळी, प्लास्टर अकरा ओळी, त्यात अग्निशमनची गाडी किती वाजता आली तेही. वर मुख्याध्यापिकाबाईंचं नाव, जणू स्लॅब त्यांनीच बांधला. नावाची विनंती सगळ्यात वर टाक, जिवंत व्यक्तींबद्दलचे नियम कडक आहेत.

खडूस_ओपनर:
आणि इतिहास तीन ओळींचा का? स्थापना, इमारत, नाट्यस्पर्धा काहीच नाही? संदर्भ शोधून तो भाग मोठा करा की, मग बाकीचं आपोआप बारीक दिसेल.

दादर_निवृत्त_बाई:
मी पहिल्यापासून तेच सांगत होते.

परळकर_भाऊ:
बरं. चर्चा पानावर असं टाकतो: "मी माजी विद्यार्थी मंडळाचा सदस्य आहे. प्लास्टर आणि खोट्या मेलचे परिच्छेद काढावेत, नंतर कुठेही त्यांची दखल नाही. मुख्याध्यापिकांचं नाव काढावं. फीबद्दल एक वाक्य ठेवावं: काही पालकांनी तथाकथित फीवाढीविरुद्ध न्यायालयात दाद मागितली." चालेल?

बोरिवली_फास्ट:
आणि पैसे परत केले ते कोण लिहिणार?

चावडीवाला:
'तथाकथित' काढ, आदेश आणि परतावा घाल, दोन वाक्यं कर. मग टाक.