इम्युनोथेरपी चालू आणि शुगर ३४०, डोस घ्यायचा का?

वैतागलेली_लेक: बाबांना फुफ्फुसाचा कॅन्सर, इम्युनोथेरपी (शरीराच्याच प्रतिकारशक्तीला कॅन्सरवर सोडणारी ट्रीटमेंट) चालू आहे, डायबेटिस जुनाच. काल शुगर ३४० आणि डोस परवावर आलाय. नेटवर वाचलं की डायबेटिसवाल्यांना या ट्रीटमेंटचा फायदा कमी होतो, मग एवढं करून उपयोग काय? लवकर सांगा प्लीज

रातराणी: ३४० उपाशीपोटी की जेवल्यावर? औषध कुठलं? स्टेरॉइड चालू आहे का?

वैतागलेली_लेक: संध्याकाळची. सकाळी ठीक असते. पेम्ब्रोलिझुमॅब. पण फायदा होणार की नाही ते सांगा ना

सडेतोड: साखर पूर्ण तोडा, कॅन्सर उपाशी मरतो. मामांचं तसंच केलं.

रातराणी: काहीही! खाल्ली नाही तरी लिव्हर साखर बनवतंच. वजन उतरलेल्या माणसाला उपाशी ठेवू नका हो

जुना_वाचक: बऱ्याच अभ्यासांत डायबेटिसवाले कमी जगलेले दिसतात, खरंय. पण ते बहुतेक जुन्या नोंदी चाळून केलेले, त्यात वय, किडनी, हार्ट सगळं मिसळलेलं, त्यामुळे औषध कमी चालतं की माणूसच आधीपासून जास्त आजारी असतो ते वेगळं काढता येत नाही. त्यावरून बाबांचं भाकीत करू नका.

सडेतोड: मग मेटफॉर्मिन (डायबेटिसची गोळी) वाढवा, ट्यूमरवरपण चालतं

जुना_वाचक: उंदरांत. माणसांत सिद्ध नाही.

भटक्या: या इम्युनोथेरपीच्या शोधाला २०१८ चं नोबेल मिळालं ना? बाय द वे ग्लुकोमीटर कुठला चांगला?

वैतागलेली_लेक: स्टेरॉइड म्हणजे प्रेडनिसोलोन का? रॅश आलं म्हणून दिलंय, सकाळी घेतात

रातराणी: हे आधी सांगायचं ना! सकाळच्या गोळीने दुपारनंतरच शुगर चढते, बहुतेक तेच. मनाने बंद मात्र करू नका. पण पेम्ब्रोने क्वचित, शंभरात एखाद्याला, स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशीच मरतात आणि मग शुगर एकदम भडकते. तहान, सारखी लघवी, उलट्या, धाप यातलं काही असेल तर परवाची वाट बघू नका, आजच कीटोन (इन्सुलिन कमी पडलं की रक्तात साठणारं आम्ल) तपासा. सी-पेप्टाइडचंही विचारा, शरीर स्वतः किती इन्सुलिन बनवतंय ते त्या टेस्टमध्ये कळतं. आणि डॅपाग्लिफ्लोझिन ही डायबेटिसची गोळी घेत असतील तर आवर्जून सांगा, त्यात शुगर फार न वाढताही कीटोन चढू शकतात.

वैतागलेली_लेक: तहान खूप लागते, मला वाटलं उकाड्यामुळे. ऑन्कोलॉजिस्टना फोन लावतेय. डोसचं?

रातराणी: कीटोन बघून तेच ठरवतील. आधी फोन.

भटक्या: ग्लुकोमीटर?