मोर्चे काढून युद्ध थांबतं का? (इराक २००३)

रिकामटेकडा:
परवा मित्राशी जाम वाद झाला. तो म्हणे मोर्चेबिर्चे सगळा टाइमपास, सरकारने एकदा ठरवलं की ठरवलं. वर उदाहरण इराकचं दिलं, की १५ फेब्रुवारी २००३ ला एकट्या लंडनमध्ये पोलिसांच्याच हिशोबाने साडेसात लाख लोक रस्त्यावर, आयोजक तर वीस लाखांपर्यंत जातात, रोममध्ये त्याहून जास्त, आणि २० मार्चला अमेरिका-ब्रिटनचा इराकवर हल्ला सुरू झालाच. मला उत्तर सुचेना. सरकार सांगतंय ते कारण पटण्यासारखं नाही हे दिसत असताना लोकांनी करायचं तरी काय? माहितगारांनी लिहा, व्हॉट्सॅप फॉरवर्ड नकोत प्लीज.

टेम्सकाठचा:
मी होतो त्या मोर्चात, तेव्हा तिकडे शिकत होतो. एक मोर्चा एम्बँकमेंटहून, दुसरा गॉवर स्ट्रीटहून, पिकॅडिलीला दोन्ही एक झाले आणि मग गोगलगायीच्या चालीने हाइड पार्क. थंडी मरणाची. नेहमीचे झेंडेवाले होतेच पण बाबागाड्या ढकलणाऱ्या बायका, म्हातारी जोडपी, जन्मात कधी घोषणा न दिलेले लोक, आणि एका फलकावर तेव्हाचे ब्रिटिश पंतप्रधान ब्लेअर यांच्या डोक्यावर चहाचा कप उपडा ठेवलेला, हातात बंदूक, खाली 'चहा करा, युद्ध नको'. साहेब त्याच दिवशी ग्लासगोत पक्षाच्या लोकांपुढे सांगत होते की मोर्चात पाच लाख आले तरी सद्दामने मारलेल्यांपेक्षा ते कमीच. म्हणजे ऐकायचंच नव्हतं.
पण १७ मार्चला रॉबिन कूकने युद्धाच्या निषेधात मंत्रिपद सोडलं, आणि दुसऱ्या दिवशी संसदेत युद्धावरच्या मतदानात ब्लेअरच्याच मजूर पक्षाचे १३९ खासदार आपल्याच पंतप्रधानाच्या विरोधात गेले. विरोधी बाकांवरचा हुजूर पक्ष सरकारच्या बाजूने उभा राहिला, तो उलटा गेला असता तर ब्लेअर हरलेच होते. माझ्या मते आपण विरोधी पक्षाच्या खासदारांवर दबाव न आणता त्यांना मोकळं सोडलं ही खरी चूक.

सिंदबाद:
लंडनचं सगळे सांगतात, तुर्कस्तानचं कोणी काढत नाही!! अमेरिकेला बासष्ट हजार सैनिक तिथून उत्तर इराकमध्ये घुसवायचे होते, बदल्यात अब्जावधी डॉलरची मदत. सरकारकडे दणदणीत बहुमत. १ मार्च २००३ ला संसदेत मतदान, बाहेर अंकाऱ्यात हजारो लोक रस्त्यावर, आणि आत २६४ बाजूने, २५० विरुद्ध, १९ तटस्थ. वाटलं झालं पास, पण नियम असा की हजर सदस्यांपैकी निम्म्याहून जास्त हवेत, म्हणजे २६७. तीन मतं कमी पडली, ठराव आपटला. अमेरिकेच्या चौथ्या इन्फंट्री डिव्हिजनचं सामान जहाजांवर तुर्कस्तानच्या किनाऱ्यासमोर ताटकळत होतं, ते शेवटी सुएझमधून फिरवून कुवेतला न्यावं लागलं.

रिकामटेकडा:
हे माहीतच नव्हतं, धन्यवाद. पण तरी युद्ध झालंच ना?

फौजीचा भाऊ:
झालं, पण त्यात आपली पोरं गेली नाहीत ना भाऊ. आमच्या सातारा-कोल्हापूर पट्ट्यात घरटी कोणीतरी फौजेत असतो, त्यामुळे २००३ चा तो उन्हाळा चांगला लक्षात आहे. अमेरिकेने भारताकडे अख्खी डिव्हिजन मागितली होती, साधारण सतरा हजार जवान, आणि दिल्लीत हो म्हणणारेही वजनदार लोक होते. त्याआधी एप्रिलमध्ये लोकसभेने युद्धाविरुद्ध ठराव केलेला, तेव्हा सभापती आपले मनोहर जोशी. वाजपेयींनीच डाव्या नेत्यांना 'बाहेर जरा मोठ्याने ओरडा' असं सुचवल्याचा किस्सा दिल्लीत अजून सांगतात. १४ जुलैला सरकारने कळवलं, युनोचा स्पष्ट आदेश नसेल तर सैन्य नाही. संसदेचा ठराव, निवडणुका तोंडावर, रस्त्यावर बोंबाबोंब, सगळं असल्यामुळे नाही म्हणायला सोपं गेलं.

टेम्सकाठचा:
+१. आणि रिकामटेकडा, मित्राला २०१३ पण सांगा. सीरियावर कारवाईसाठी तेव्हाचा ब्रिटिश पंतप्रधान कॅमेरॉनने संसदेत मत मागितलं आणि २८५ विरुद्ध २७२ ने हरला. त्या चर्चेत जो उठे तो इराक काढत होता. ब्रिटनमध्ये युद्धाआधी मतदान घ्यायलाच पाहिजे असा कायदा नाही हो, पंतप्रधान आपल्या अधिकारात सैन्य पाठवू शकतो, पण २००३ ला मतदान घेतल्यावर पुढच्याला ते टाळणं जड गेलं. त्यामुळे मोर्चात जा, जरूर जा, पण घरी येऊन आपल्या खासदाराला पत्र टाका, कोणत्याही पक्षाचा असो, आणि विचारा की मतदान कधी आणि तुम्ही कुठल्या बाजूला.