रंधा, पाचर, आटे: रंध्याच्या सुट्या भागांना काय म्हणायचं?

प्रश्न:
आजोबांचा लोखंडी रंधा (स्टॅन्ले, ४ नंबर) पुन्हा चालू करतोय. पुढच्या गोल मुठीचा बोल्ट हरवलाय. दुकानातून आणलेला दोन फेरे फिरला आणि अडकला. दुकानदार विचारतो, "आटे किती?" आटे म्हणजे नेमकं काय? आणि पात्यावर जी दुसरी पट्टी बसते, तिला मराठीत काय म्हणतात?

प्रतिसाद:
पेचावरची वळत जाणारी धार म्हणजे आटे. ती झिजली की 'आटे गेले', नवी कापली की 'आटे पाडले'. जुन्या स्टॅन्लेच्या मुठीच्या बोल्टला इंचाला २० आटे असतात. बाजारात त्याच जाडीचा (१२ नंबरचा) पेच बहुधा इंचाला २४ आट्यांचा मिळतो, म्हणून तो दोन फेऱ्यांत अडकतो. कृपा करून जोर लावू नका! तळ बिडाचा आहे. आतले आटे गेले तर मूठ कधीच घट्ट बसणार नाही. मागची पितळी चाकी डाव्या आट्यांची असते. ती उजवीकडे फिरवली की पातं पुढे सरकतं. बदलायची वेळ आली तर 'डावे आटे' असं स्पष्ट सांगून मागा.

त्या पट्टीला आमच्या घरी 'वरची पट्टी' एवढंच म्हणत आणि ते पुरतं. धारेच्या जेमतेम मागे बसून ती निघणारं सालपट मोडते, त्यामुळे लाकडाच्या रेषेच्या उलट रंधा मारला तरी लाकूड उचकटत नाही. नवं पातं आणाल तेव्हा पट्टी टेकवून उजेडासमोर धरा. मधून फट दिसली तर सालपट तिथेच अडकणार.

दुसरा प्रतिसाद:
लाकडी रंध्यात पातं धरून ठेवते ती पाचर. एरवी 'पाचर मारणे' म्हणजे कामात खोडा घालणे, इथे मात्र पाचर मारल्याशिवाय काम सुरूच होत नाही. ती सैल करायला सुतार रंध्याच्या मागच्या टोकावर ठोकतात. 'रंधा' शब्द फारसी 'रंदा'वरून आला. फारसीत किसणीलाही रंदाच म्हणतात! 'रांधणे'शी किंवा 'रंध्र'शी त्याचा संबंध नाही. आणि 'रंध्याने तासणे' लिहू नये. तासायचं ते वाकसाने (आडव्या पात्याच्या, कुऱ्हाडीसारख्या हत्याराने), रंधा मारायचा असतो.

मूळ प्रश्नकर्ता:
मागच्या मुठीचा बोल्ट काढून पट्टीवर धरला. अर्ध्या इंचात बरोबर १० आटे मोजले. आता तोच नमुना घेऊन लेथवाल्याकडे जातो.