अनुभव धागा: चालती गाडी मधेच बंद का पडते?

रिझर्ववर
आज भर दुपारी नागपुरात अजनी चौकाच्या अलीकडे एक पोरगा जुनी शंभर सीसी ढकलत नेताना दिसला. तोंडाला दुपट्टा, टाकीवर नवंकोरं रेक्झिनचं कव्हर. ते कव्हर पाहून कार्बोरेटरच्या (हवा-पेट्रोल मिसळणारा जुना भाग) जमान्यातलं एक हमखास दुखणं आठवलं, म्हणून धागा काढतोय.

टाकीच्या झाकणात बारीक छिद्र असतं. पेट्रोल जसं खाली उतरतं तशी त्यातून हवा आत गेली पाहिजे. छिद्र धुळीनं बुजलं किंवा कव्हरखाली दबलं की टाकीत पोकळी होते आणि पेट्रोल उतरायचं थांबतं. लक्षण ठरलेलं. दहा-पंधरा मिनिटं गाडी मस्त चालते, मग दम सोडते, दोन-चार झटके, बंद. पाच मिनिटं थांबलं की परत चालू. सगळे म्हणतात इंजिन तापलं, आणि मिस्त्री ठिणगीची कॉइल बदलून देतो.

बंद पडल्या पडल्या झाकण उघडा. सूंऽऽ करून हवा आत ओढल्याचा आवाज आला आणि मिनिटाभरात गाडी चालू झाली तर दोष झाकणाचा. कॉम्प्रेसरची हवा किंवा बारीक तार, काम फुकटात. कव्हर हवंच असेल तर झाकणाची जागा पूर्ण मोकळी कापून घ्या.

तुम्हीही लिहा. कुठे बंद पडली, कोण कोण हसलं हे नको. काय तपासायचं, काय निघतं तेवढं.

तर्रीबाज
सर्वात आधी टाकीत पेट्रोल आहे का ते पाहा. हसू नका बे. रिझर्ववर आल्यावर लोक टाकी भरतात अन् टाकीखालचा कॉक मेनवर परत करतच नाहीत. पुढच्या वेळी रिझर्व नावालाच उरते.

मानेवाडा_एक्स्प्रेस
हाव, अन् धागा काढणाऱ्याचं नावच रिझर्ववर 😂

टॅपेट_टकटक
बंद कशी पडली यातच अर्धं उत्तर असतं. कसलीही पूर्वसूचना न देता एका क्षणात कट झाली तर करंट. आधी दम गेला, झटके दिले, चोक (हवा कमी करणारा खटका) ओढल्यावर जराशी सावरली तर पेट्रोल. आरपीएमचा काटा असेल तर आणखी सोपं. गाडी गिअरमध्ये आहे, चाक इंजिनला फिरवतंय, तरी काटा शून्यावर पडला तर करंटच गेला.

आणि तपासायचं ते त्याच जागी, त्याच मिनिटाला. तापल्यावर दगा देणारी कॉइल थंड झाली की अगदी चांगली दाखवते. गॅरेजला पोचेपर्यंत पुरावा गायब, मग अंदाजानं एकेक पार्ट बदलणं सुरू होतं. म्हणून सीटखाली प्लग पाना आणि एक चांगला प्लग ठेवावाच.

प्लग काढा. ओला आणि पेट्रोलचा वास येत असेल तर पेट्रोल पोचतंय, ठिणगी नाही. कोरडा ठणठणीत असेल तर पेट्रोलच येत नाही. मग प्लग कॅपमध्ये बसवून त्याचा धातूचा भाग हेडला (इंजिनच्या वरच्या भागाला) टेकवा आणि किक मारा. प्लगच्या भोकापासून लांब टेकवायचा, तिथून वाफ बाहेर येते आणि भडका उडू शकतो. ठिणगी निळसर आणि जाड पाहिजे. पिवळी, बारीक, मधेच गायब होणारी चालत नाही. उन्हात ठिणगी दिसतच नाही, हातानं सावली करा. गॅप बहुतेक लहान गाड्यांत ०.७ ते ०.८ मिमीच्या आसपास असते, पण आपल्या गाडीचा आकडा मॅन्युअलमध्ये पाहूनच लावा.

इंजेक्शनवाल्या (कार्बोरेटरऐवजी पंप आणि इंजेक्टरनं पेट्रोल सोडणाऱ्या) गाडीत प्लग हवेत लटकवून सेल्फ मारू नका. ठिणगीला जमीन (अर्थिंग, म्हणजे गाडीचा धातू) मिळाली नाही तर कॉइल आणि ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) दोघांना धोका.

संत्राबर्फी
मोपेड चालेल का या धाग्यात? बीएस४ (२०२० च्या आधीची), कार्बोरेटरवाली. सिग्नलला थांबलं की बंद. रेस दिली की चालते.

टॅपेट_टकटक
चालेल की ताई. थंड असतानाही होतं की तापल्यावरच?

ओहममीटर
टॅपेट काकांच्या कॉइलच्या मुद्द्याला आकडे जोडतो. प्लग कॅप दोन टोकांत मोजा, बहुतेक कॅप ५ किलोओहमच्या असतात. फार जास्त किंवा अनंत दाखवली तर फेका, स्वस्त असते. एचटी कॉइलची (ठिणगीची मुख्य कॉइल) प्रायमरी बाजू खूप कमी ओहम दाखवते, सेकंडरी किलोओहममध्ये. पल्सर कॉइल (मॅग्नेटजवळची, गाडीचं नाव नव्हे) साधारण शंभर ते काही शे ओहम. नेमका आकडा मॉडेलप्रमाणे बदलतो.

खरी गंमत थंड आणि गरम वाचनातल्या फरकात आहे. आधी थंड मोजा, मग केस वाळवायच्या ड्रायरनं कॉइल तापवत मीटर लावून ठेवा. तांब्याचा ओहम उष्णतेनं थोडा वाढणारच. पण अचानक अनंतावर उडी मारली तर आत तार तुटलेली आहे, तापली की टोकं दूर जातात. सीडीआय (ठिणगीची वेळ ठरवणारा डबा) मात्र मीटरनं नीट तपासता येत नाही. तशीच चांगली दुसरी लावून पाहणे हाच उपाय, म्हणून तो शेवटी.

तर्रीबाज
नागपुरात मे महिन्यात ड्रायर कायले पायजे, गाडी उन्हात ठेवा फक्त

पिवळा_प्लग
😂😂 २०१३ च्या मे मध्ये ४७.९ होतं.

तर्रीबाज
अन् २०२४ च्या मे मध्ये ५६ दाखवलं होतं न एका केंद्रानं

ओहममीटर
ते सेन्सर खराब निघालं, हवामान खात्यानंच सांगितलं. म्हणून म्हणतो, सेन्सरचा आकडा आला की आधी वायर अन् कनेक्टर पाहा, मग विश्वास ठेवा.

पिवळा_प्लग
उन्हाचा विषय निघालाच आहे तर पेट्रोलची वाफ. कार्बोरेटरच्या गाडीत पेट्रोलची नळी हेडला चिकटून गेली असेल तर ट्रॅफिकमध्ये नळीतच बुडबुडे धरतात. चालत्या गाडीला वारा लागतो, थांबली की इंजिनची उष्णता वर येते, म्हणून त्रास थांबल्यावरच. नळी क्लिपनं हेडपासून दूर घ्या, पोटात खाली झोळ नको. ओलं फडकं गुंडाळायचं तर नळीवर आणि कार्बोरेटरच्या वाटीवर. तापलेल्या हेडवर पाणी ओतणारे महाभाग असतात, तसं करू नका, धातूला चीर जाऊ शकते.

आणि टाकी गळ्यापर्यंत भरून उन्हात उभी करू नका. पेट्रोल फुगतं. नव्या गाड्यांत वाफ शोषायला कोळशाचा कॅनिस्टर असतो, त्यात वाफेऐवजी पेट्रोलच शिरलं की भरल्यानंतर लगेच गाडी घुसमटते, स्लोवर (रेस न देता) बंद पडते.

हिंगणा_शिफ्ट
पंपवाले 'फुल' म्हटलं की थेंब थेंब टाकतात वर, त्यांना सांगा नोझल पहिल्यांदा आपोआप कट झाला की थांब.

आता इंजेक्शनवाल्या गाड्या, एप्रिल २०२० नंतरच्या जवळपास सगळ्याच. चावी फिरवली की दोन-तीन सेकंद पंपाचा घूंऽऽ आवाज यायला पाहिजे. नाही आला तर आधी फ्यूज, मग रिले, मग पंपाचा कनेक्टर. आवाज येतो पण चढावर आणि जास्त रेसवर गाडी दम सोडते, तर फिल्टर किंवा पंपाचा दाब.

बॅटरीकडे दुर्लक्ष नको. कार्बोरेटरच्या बऱ्याच गाड्या मेल्या बॅटरीवरही किकनं चालतात, इंजेक्शनवालीचा पंप आणि ईसीयू दोघं बॅटरीवर जगतात. चावी बंद असताना १२.५ च्या वर, सेल्फ मारताना १० च्या खाली नको, इंजिन चालू करून रेस दिल्यावर साधारण १३.५ ते १४.५ व्होल्ट. १५ च्या वर गेलं तर रेग्युलेटर (व्होल्ट आवरणारा) खराब, आणि तसंच चालवलं तर बॅटरी अन् ईसीयू दोन्ही खातं. टर्मिनल हातानं हलवून पाहा. स्क्रू अर्धा आटा ढिला असला तरी खड्ड्यात गाडी कट होते.

मानेवाडा_एक्स्प्रेस
मिलचा (MIL, इंजिनातला दोष दाखवणारा) पिवळा दिवा लुकलुकते त्याचं काय?

हिंगणा_शिफ्ट
मोजायचं. होंडाच्या बऱ्याच गाड्यांत लांब लुकलुक म्हणजे १०, छोटी म्हणजे १. सात छोट्या म्हणजे इंजिन तापमानाचा सेन्सर, आठ थ्रॉटल पोझिशन, एक लांब दोन छोट्या म्हणजे १२, इंजेक्टर. ५४ आला तर गाडी तिरकी झाल्यावर इंजिन बंद करणारा सेन्सर. इतर कंपन्यांची यादी वेगळी. आणि कोड आला की लगेच सेन्सर बदलायचा नाही, वर ओहममीटरनं सांगितलं तेच, कनेक्टर काढून पाहा. हिरवट गंज दिसला तर तोच.

गाडी घसरून पडली आणि उभी केल्यावर सुरू होईना, तर घाबरू नका. चावी पूर्ण बंद करून परत चालू करा. तिरकेपणाच्या सेन्सरनं बंद केलेली असते, काही बिघडलेलं नसतं.

संत्राबर्फी
तापल्यावरच होतं. सकाळी ऑफिसला जाताना काही नाही.

टॅपेट_टकटक
मग टॅपेट (व्हॉल्व्हचे रॉकर आणि त्यांची फट) आधी. गॅप कमी झाली की तापल्यावर व्हॉल्व्ह नीट बसत नाही, कॉम्प्रेशन जातं, स्लो टिकत नाही. टॅपेटचा आवाज येत नाही म्हणून लोक खूश असतात, पण आवाज न येणंच कधी कधी वाईट. इंजिन पूर्ण थंड असताना, मॅग्नेटवरची टी खूण जुळवून, कॉम्प्रेशन स्ट्रोकवर. दोन्ही रॉकर किंचित हलले पाहिजेत, नाहीतर चुकीच्या फेरीवर आहात. गॅप फिलर गेजनंच (फट मोजायच्या पातळ पट्ट्या), मॅन्युअलच्या आकड्याप्रमाणे. बोटाच्या अंदाजावर लावून देणाऱ्याकडून गाडी परत घ्या.

त्यात काही नाही निघालं तर कार्बोरेटर आणि इंजिनमधला रबरी जोड. चीर गेली की तिथून हवा घेते. गाडी स्लोवर ठेवून जोडावर पाण्याचा बारीक फवारा मारा, आवाज बदलला की चीर सापडली. शेवटी स्लो जेट (कार्बोरेटरमधलं बारीक भोक). त्यात सुई घालू नका, भोक मोठं होतं. कार्ब क्लीनर आणि हवा. एअर स्क्रू काढण्याआधी आत पूर्ण बसेपर्यंत किती फेरे झाले ते मोजून कागदावर लिहा, परत तेवढाच उघडा.

संत्राबर्फी
धन्यवाद काका. मिस्त्री म्हणाला स्लो वाढवून देतो बस

टॅपेट_टकटक
ते दुखणं झाकणं झालं. वर मोपेडला स्लो वाढवला की क्लच धरतो, सिग्नलला गाडी पुढं ओढते.

मानेवाडा_एक्स्प्रेस
हँडल वळवलं की गाडी बंद होते त्याच्यावर कोणी लिहिलंच नाई. मानेजवळ वायरिंगचा गठ्ठा वाकून वाकून आतून तुटते, वरून प्लास्टिक चांगलं दिसते. गाडी स्लोवर ठेवून हँडल पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे. बंद झाली तर इग्निशन स्विचच्या वायरी. बंद न होता रेस वाढली तर एक्सलेटरची केबल ताणलेली, वायरिंगला हात लावू नका.

जुन्या एसी सीडीआयच्या (बॅटरीवर नाही, थेट मॅग्नेटवर चालणाऱ्या) गाड्यांत किलची (इंजिन बंद करणाऱ्या स्विचची) वायर जमिनीला टेकली की इंजिन बंद. होंडा घराण्यात ती काळी-पांढरी असते. तिचा कनेक्टर काढून चालवून पाहा. बंद पडणं थांबलं तर स्विच किंवा त्याची वायर. हो, मग चावीनं गाडी बंद होणार नाही, चोक ओढून करा 😄 इंजेक्शन अन् डीसी सीडीआयमध्ये उलटा प्रकार, तिथं हा जुगाड नको.

पिवळा_प्लग
साइड स्टँडचा स्विचही. चिखल बसला की स्टँड वर असूनही खाली समजतो, गिअर टाकताच इंजिन बंद. न्यूट्रलमध्ये चालते, गिअरमध्ये मरते, असं असेल तर दुसरं काही उघडू नका. पाण्यानं धुवा, कॉन्टॅक्ट क्लीनर मारा.

तर्रीबाज
पावसाळ्याचं पण सांगा न भाऊ. नरेंद्रनगरच्या पुलाखाली दर वर्षी तेच, लोहापुलाखाली तेच.

रिझर्ववर
पाण्यात बंद पडली तर किक नाही, सेल्फ नाही, हा पहिला नियम. सिलिंडरमध्ये पाणी गेलं असेल तर ते दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. २३ सप्टेंबर २०२३ ला नागपूरचा अंबाझरी तलाव भरून वाहिला, तशा पुरात गाडी बुडली असेल तर आधी प्लग काढा, मग किक हातानं हळू फिरवून पाणी बाहेर काढा. एअर फिल्टरचा डबा उघडून निथळा. ऑइलची काडी पाहा, रंग दुधाच्या चहासारखा झाला असेल तर ऑइल काढून टाका. नवं स्वस्त ऑइल भरून थोडं चालवा, तेही काढा, मग चांगलं भरा. फिल्टर असेल तर तोही बदला.

नुसत्या पावसात कट होत असेल तर प्लग कॅपचं रबर. हेडवर प्लगच्या खाचेला बऱ्याच गाड्यांत पाणी निघायचं बारीक भोक असतं, ते चिखलानं बुजतं आणि प्लग डबक्यात उभा राहतो.

हिंगणा_शिफ्ट
पावसात पेट्रोलमधलं पाणीही. आता इथेनॉल मिसळलेलं असतं, ते पाणी धरून ठेवतं आणि प्रमाण वाढलं की दोन थर वेगळे होतात, जड थर तळाला. कार्बोरेटरच्या वाटीखालचा ड्रेन स्क्रू सैल करून काचेच्या बाटलीत काढा, तासभर स्थिर ठेवा. खाली वेगळा थर दिसला की टाकी रिकामी करावीच लागते, वरून नवं भरून भागत नाही.

संत्राबर्फी
बाटली प्लास्टिकची चालेल?

हिंगणा_शिफ्ट
काचेची घ्या ताई, झाकणाची, आणि घरात गॅसजवळ नको.

तर्रीबाज
एअर फिल्टर राहिला. सिमेंट रोडचं काम चालू आहे तिकडं रोज जात असाल तर पुस्तकात लिहिल्यापेक्षा लवकर पाहा. स्पंजवाला रॉकेल किंवा साबणानं धुवा, पिळू नका, दाबा, मग ऑइलचे चार थेंब चोळा. कागदी असेल तर धुवायचा नाही. तेलकट कागदाचा असेल तर हवापण मारायची नाही, सरळ नवा.

ओहममीटर
रॉकेल आता मिळते कुठं भाऊ

तर्रीबाज
डिझेल चालते. पण नंतर साबणानं धुवून पूर्ण वाळवा, नाहीतर तेच इंजिन ओढते अन् धूर सोडते.